न दिसणाऱ्या नौकांचें गांव

स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावर, बाल्टिक समुद्रांत विखुरलेल्या लहानमोठ्या बेटांवर, कार्ल्सक्रोना नांवाचें शहर आहे. कोपनहेगनकडून येणारी आगगाडी येथें येऊन थांबते, पुढें समुद्रच. पुष्कळ शहरें आधीं वसतात व मागाहून त्यांना आरमार लाभतें. हें शहर आरमारासाठींच जन्मास आलें. इ. स. १६८० सालीं, म्हणजे इकडे रायगडावर शिवछत्रपतींनीं देह ठेवला त्याच वर्षीं, अकराव्या कार्ल राजानें ही जागा निवडली. येथून डेन्मार्क जवळ, आणि डेन्मार्क हा तेव्हां हाडवैरी! मधल्या ट्रॉस्यो बेटाचा मालक असलेला शेतकरी जमीन विकावयास राजी होईना, तेव्हां त्याला तुरुंगांत टाकून त्याची संमति मिळविली, अशी आख्यायिका आहे. खरेदीखताची ही तऱ्हा कांहीं एकट्या स्वीडनच्या राजांची नव्हे.

रस्ते रुंद व सरळ, मधला चौक अवाढव्य, आणि त्यांत कार्ल राजाचा ब्राँझचा पुतळा. तेथून थोड्या अंतरावर आरमारी लोकांचें जुनें लांकडी ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या दाराशीं हात पुढें करून एक लांकडी म्हातारा उभा असतो. त्याचें नांव रोसेनबोम. त्याची टोपी उचलून आंत नाणें टाकावयाचें, तें गोरगरिबांसाठीं. सेल्मा लागेर्लोफ या विदुषीनें, जिला १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, मुलांसाठीं लिहिलेल्या निल्सच्या गोष्टींत हा म्हातारा आला आहे. ब्राँझचा राजा पाठीस लागतो, तेव्हां इवलासा झालेला निल्स याच टोपीखालीं लपतो. लपण्याची ही विद्या पुढें गांवानें फारच मनावर घेतली!

त्याला कारणहि तसेंच घडलें. ता. २७ ऑक्टोबर १९८१ च्या रात्रीं सोव्हिएट रशियाची एक पाणबुडी या आरमारी ठाण्यापासून थोड्या मैलांवर उथळ खडकांत रुतून बसली. आरमाराला वार्ता नाहीं! दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती प्रथम दिसली एका कोळ्याला. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, तो हाच. दिशादर्शक यंत्रें बिघडल्यामुळें वाट चुकली, असें तिच्या कप्तानाचें म्हणणें. पण ज्या अरुंद वाटांनीं ती इतकी आंत आली त्या पाहिल्यावर तें फारसें कोणास पटलें नाहीं. बाहेरून मोजमाप केलें तेव्हां आंत युरेनियम असल्याचीं चिन्हें मिळालीं. म्हणजे बहुधा अण्वस्त्रें. १८१४ नंतर जो देश लढाईंत उतरलाच नव्हता, त्याच्या परसांत ही वस्तु दहा दिवस पडून होती. ६ नोव्हेंबरला ती परत गेली.

व्हिस्बी वर्गाच्या नौका या लाजेच्या पोटीं जन्मल्या, असें माझें मत आहे. आधीं १९९१ मध्यें ‘स्मीगे’ नांवाची प्रयोगाची नौका झाली आणि २००० सालच्या जूनमध्यें पहिली ‘व्हिस्बी’ याच गांवच्या गोदींतून पाण्यांत उतरली. लांबी सुमारें ७३ मीटर, वजन सुमारें ६४० टन, माणसें अवघीं त्रेचाळीस. रडार म्हणजे विजेच्या लहरी फेंकून त्यांचा प्रतिध्वनि टिपणारें यंत्र. उभ्या कड्यासमोर हांक मारली तर ती परत येते. कडा तिरपा असला तर ती भलतीकडेच निघून जाते. म्हणून या नौकेच्या सर्व भिंती तिरप्या व सपाट; नांगर, दोर, कठडे, सारें आंत झांकलेलें; तोफेची नळीसुद्धां काम नसेल तेव्हां बुरुजांत निजते. अंग पोलादाचें नसून कार्बनच्या तंतूंचें, त्यामुळें हलकें, आणि लोहचुंबकावर चालणाऱ्या सुरुंगांना न जाणवणारें. पंख्याऐवजीं पाण्याचा झोत मागें फेंकून ती पळते, त्यामुळें आवाज कमी. वेग ताशीं पस्तीस सागरी मैलांहून अधिक.

मात्र अदृश्य होणें स्वस्त नसतें. सहा नौकांचा बेत होता. सहावी २००१ सालीं रद्द झाली. पहिल्या दोन आरमाराच्या ताब्यांत यावयास २००९ चा डिसेंबर उजाडला. जगाचें लक्ष या नौकांकडे खरें वेधलें तें २०१४ च्या ऑक्टोबरांत. स्टॉकहोमजवळच्या बेटांत परकी पाणबुडी शिरल्याचा संशय आला आणि ‘व्हिस्बी’ शोधास निघाली. शत्रूस दिसूं नये म्हणून बांधलेली ही नौका त्या आठवड्यांत वृत्तपत्रांत सर्वांस दिसली. पाणबुडी मात्र हातीं लागली नाहीं. ती आली होती, इतकें सरकारनें पुढच्या महिन्यांत जाहीर केलें. ता. ७ मार्च २०२४ रोजीं स्वीडन नाटो या लष्करी संघांत सामील झाला आणि जुना अलिप्तपणा संपला. एकट्यानें लपून आपलें घर राखतां येतें, हा भरंवसा त्याआधींच डळमळला होता.

गांवांत आलेल्यानें लिंडहोल्मेन बेटावरील दोर वळण्याची लांकडी शाळा चुकवूं नये. सतराव्या शतकाच्या अखेरीची ती इमारत सुमारें तीनशें मीटर लांब आहे. लांब दोर वळावयाचा तर इमारतहि लांबच हवी. तागाचे तंतु ताणून, पीळ देत, कामकरी येथें मागें मागें चालत जात आणि शिडाच्या जहाजांचे दोर तयार होत. लांकूड काळवंडलें आहे, फळ्या पायाखालीं करकरतात. आरमाराचें क्षेत्र असल्यामुळें वाटाड्याबरोबरच आंत जातां येतें. कार्बनचे तंतु जेथें थरावर थर बसवून ‘व्हिस्बी’ घडविली, ती गोदीहि याच गांवांत आहे. ती मात्र प्रवाशाला बाहेरूनच पाहावी लागते.