आजीची राहिलेली टेकडी

मुलांनो, सहलीला गेलं की किती ठिकाणं 'केली' याचा हिशोब मांडायची आपल्याला भारी हौस! पण आम्ही दोघं पडलो म्हातारे. आमच्या हिचे गुडघे दुखतात, मला दर तासाला चहा लागतो. तेव्हा डहाणूला जायचं ठरलं ते तीन दिवस आरामात, घड्याळ न बघता.

खरं कारण वेगळंच होतं. ही तीस वर्षं बालवाडीत शिकवत होती. कोसबाडची टेकडी एकदा बघायची, असं ती पहिल्या पगारापासून म्हणत आली. आधी मुलं लहान होती, मग सासूबाईंचं आजारपण, मग माझ्या बदल्या. टेकडी आपली राहूनच गेली. यंदा डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल." ही म्हणाली, "आधी कोसबाड, मग ऑपरेशन!"

डिसेंबरात बोरिवलीहून डहाणूची लोकल पकडली. २०१३ पासून लोकल थेट डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे चांगलीच सोय झाली आहे. विरार सुटलं, वैतरणेचा पूल ओलांडला, की शहर मागे पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. लांब बांबूच्या टोकाला जाळी लावून माणसं फळं उतरवत होती. चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला, पण इथे असा रुजलाय की डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू झाडावर पिकायची वाट बघत नाहीत बरं का! तो उतरवतात, धुतात आणि मग पिकवतात.

रिक्षा टेकडी चढू लागली तशी ही गप्प झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. पुढे ते काम या टेकडीवर आलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात. का येतील? कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं, कुणाला गुरं राखायची. मग बाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर माहीत आहे, त्याचं मूळ इथलं. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. खडे, शिंपले, पानं, बिया हेच शिकवण्याचं साहित्य.

रिक्षा थांबली तिथून पुढे थोडा चढ होता. मी म्हटलं, "इथूनच बघू या." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने हात पुढे केला. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. वर पोचल्यावर ती एका झाडाखाली बसली. म्हणाली, "अनुताई लहानपणीच विधवा झाल्या. त्या काळी! तरी शिकल्या, आणि इतक्या मुलांना शिकवलं. मला तर नुसतं इथवर यायला चाळीस वर्षं लागली." मला काही बोलता येईना. थर्मासमधला चहा तिला दिला.

तिसऱ्या दिवशी तलासरी तालुक्यातल्या झरी गावावरून गेलो. १९४५ च्या मे महिन्यात इथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठबिगारी करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. लग्नासाठी कर्ज काढलं, की नवरा-बायको दोघंही सावकाराचे गडी होत, अशी तेव्हाची रीत! गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती सगळी हकीकत आहे. मोठे झालात की जरूर वाचा.

संध्याकाळी बोर्डीचा किनारा. ओहोटीला समुद्र इतका मागे गेला होता, की पाण्यापर्यंत चालत जायचं म्हणजे एक सहलच! सुरूच्या झाडांजवळ एक मावशी सुके बोंबील टोपलीत भरत होत्या. त्यांच्याकडून वाढवणचा विषय निघाला. डहाणूच्या दक्षिणेला वाढवणला मोठं बंदर व्हायचंय. पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. समुद्रात भर घालून सुमारे १४४८ हेक्टर जमीन तयार करायची, म्हणजे माणसाने केलेलं बेटच म्हणा ना. याच डहाणू तालुक्याला सरकारने १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवलं होतं!

"काका, मासे तिथल्या खडकांतच अंडी घालतात. खडक गेले तर आमच्या बोटींनी जायचं कुठे?" मावशी म्हणाल्या.

आमचा रिक्षावाला तरुण होता. तो म्हणाला, "पण मावशी, बंदर झालं तर आम्हाला नोकऱ्या मिळतील ना?"

मावशी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मिळाली तर पहिला पगार मला दाखव."

आमची ही मात्र केव्हाच ओल्या वाळूत उतरली होती. वाकता येत नव्हतं, म्हणून मावशींच्या नातीला हाताशी धरून शिंपले वेचून घेत होती आणि मोठ्याने मोजत होती. ती मुलगी चाळिसानंतर अडखळली. दोघींनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

परतीच्या गाडीत पिशवी उघडली, तर चिकू कमी आणि शिंपलेच जास्त. मी विचारलं, "एवढे कशाला?"

"खालच्या मजल्यावरची तिन्ही पोरं अजून वीसच्या पुढे जात नाहीत," ती म्हणाली आणि पाय समोर पसरून तिने डोळे मिटले.