मूळ तक्ता एकच, उतारे अनेक

मधुमेहाच्या माहितीपत्रकात साखरेचे आकडे तुम्ही वाचता. ते आकडे कायमचे नसतात. १९९७ पूर्वी उपाशीपोटी साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह समजत. त्या वर्षी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ही मर्यादा १२६ वर आणली. म्हणजे साखर १३० असलेला माणूस जुन्या कागदाप्रमाणे मधुमेही नाही. नव्याप्रमाणे त्याची तपासणी पुन्हा करून निदान पक्कं करायला हवं. जुना कागद वापरात राहिला, तर उपचार लांबतो आणि तोवर डोळे व मूत्रपिंड झिजत राहतात.

म्हणून मी आकड्यांचा तक्ता प्रत्येक लेखात वेगळा लिहीत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला सातबारा पुरे. मूळ नोंद एका जागी असते, आपण गरजेपुरता उतारा काढतो. फेरफार झाला की पेटीतली जुनी झेरॉक्स कामाची राहत नाही.

संगणकावर मी साध्या मजकुराच्या फाइली वापरतो. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेला 'ऑर्ग मोड' त्यासाठी उपयोगी पडतो. तक्ता एका फाइलीत ठेवून त्याला नाव द्यायचं. दुसऱ्या लेखात छोटासा कोड लिहायचा: अमुक फाइलीतला अमुक तक्ता आण आणि हिशेब कर. उदाहरणार्थ, तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा २८.७ ने गुणून त्यातून ४६.७ वजा केले की सरासरी साखर मिळते. ७ टक्क्यांना ती सुमारे १५४ येते. आहाराचा लेख असो की पायांच्या काळजीचा, दोन्हीकडे आकडे त्याच तक्त्यातून येतात.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तक्ता बदलल्यावर कोड पुन्हा चालवावा लागतो, नाहीतर लेखात जुनाच उतारा राहतो. आणि मूळ तक्त्यात चूक असेल तर ती सगळ्या लेखांत पसरते. म्हणून तक्त्यावर तारीख हवी आणि दुसऱ्या कुणीतरी तो तपासायला हवा.

तुम्हाला संगणकाची गरज नाही. साकोलीच्या दवाखान्यातली चिठ्ठी, नागपूरची चिठ्ठी आणि घरातल्या डब्यावरची यादी, अशा तीन याद्या घरी असतील तर एकच वही करा. औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि तारीख लिहा. औषध बदललं की आधी वहीत नोंद करून घ्या आणि जुन्या यादीवर काट मारा. इन्सुलिनची मात्रा तर कधीच आठवणीवर सोडू नका. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना तीच वही सोबत न्या आणि त्यांच्याकडून एकदा तपासून घ्या.