वाचून दाखवणं

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला ताण नको म्हणून वाचन बंद झालं आणि हिने वाचून दाखवायला सुरुवात केली. ऊन उतरलं की आम्ही लालबाग राजवाड्याच्या बागेत येऊन बसतो. होळकरांचा हा राजवाडा बांधायला घेतला १८८६ साली, पुरा झाला १९२१ मध्ये. समोर एवढी भव्य वास्तू, पण माझं सारं लक्ष हिच्या आवाजाकडे.

तरुणपणी सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा आम्ही आलटून पालटून वाचायचो. आता हातात हृषीकेश गुप्त्यांची ‘दंशकाल’ आहे. पूर्वी मी पुढे काय होणार या ओढीने पानं नुसती उलटायचो. ऐकताना तसं पळता येत नाही. हिचा श्वास जिथे थांबतो, तिथे मलाही थांबावं लागतं आणि भीती सावकाश अंगात उतरते.

काही वाईट घडणार असलं की हिचा आवाज आधीच जरा खाली येतो. पानाच्या कडेवरचा अंगठा घट्ट होतो. रात्री मी झोपल्यावर ही पुढचं वाचून ठेवत असावी. मधूनच एखादा परिच्छेद गाळते, असाही मला संशय आहे. माझ्यासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे. मी विचारत नाही. कुणीतरी आपल्याआधी त्या अंधारातून जाऊन आलंय, याचा मोठा आधार वाटतो.

डोळा बरा झाल्यावर ती पानं स्वतः वाचावीत का, हे अजून ठरत नाही. हिने मात्र पुढची कादंबरी आणून ठेवली आहे.