औषधाची वाट

आम्ही ज्या गल्लींत राहतों तिच्यांत वाण्याचें दुकान एक, पिठाची गिरणी एक आणि औषधांचीं दुकानें पांच आहेत. मागें एका संध्याकाळीं फिरावयास निघालों असतां आम्हीं हें अंतर पावलांनीं मोजलें. पहिल्या दुकानापासून पांचव्यापर्यंत दोनशें चाळीस पावलें भरलीं. त्यांतील दोन दुकानें तर अशीं समोरासमोर आहेत कीं, एकांतला नोकर शिंकला तर दुसऱ्यांतल्यानें त्यास आशीर्वाद द्यावा. रात्रीं अकरापर्यंत हीं उघडीं असतात. टेलिफोन केला तर मुलगा जिना चढून गोळ्या आणून देतो. शिवाय आमच्या घरीं फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा आहे, त्यांत डोकेदुखीपासून पोटदुखीपर्यंत सर्व दुखण्यांची बेगमी केलेली असते. दर दिवाळीस तो डबा पालथा घालून मुदत टळलेल्या गोळ्या टाकून देणें हा आमच्या साफसफाईचा एक विधिच होऊन बसला आहे. त्या टाकलेल्या गोळ्यांकडे पाहून आमच्या मनांत कधीं कांहीं आलें नव्हतें. तें येण्यास जें निमित्त झालें तें येथें सांगावयाचें आहे.

कोंकणांत खाडीच्या पलीकडे आमचें मूळ गांव. तेथें आमचे धाकटे काका राहत. गांवच्याच प्राथमिक शाळेंत त्यांनीं सारी हयात घालविली. आम्हांसहि धुळाक्षरें त्यांनींच शिकविलीं. अक्षर मोत्यासारखें. घरांत टेलिफोन आला तरी महिन्याचें एक पत्र त्यांनीं चुकविलें नाहीं. "बोललेलें वाऱ्यावर जातें, लिहिलेलें पेटींत राहतें," असें ते म्हणत. साठीनंतर त्यांना रक्तदाबाचा विकार जडला आणि तालुक्याच्या डॉक्टरांनीं रोज सकाळीं एक गोळी घ्यावयास सांगितली. गोळी अगदीं साधी. एका दिवसाची किंमत चहाच्या पेल्याहूनहि कमी. परंतु ती मिळण्याचें दुकान सव्वीस किलोमीटरांवर, तालुक्याच्या गांवीं. आणि तिकडे जाणारी एस. टी. गाडी दिवसांतून एकच.

२०१४ सालच्या पावसाळ्यांत सांकवावरून पाणी गेलें, गाडी बंद पडली, आणि त्याच सुमारास काकांच्या गोळ्या संपल्या. काकूंनीं दोनदां सुचविलें कीं, कोणास तरी चालत पाठवावें. काका म्हणाले, "मला कोठें कांहीं होतें आहे? पाऊस उघडला कीं आणूं." या दुखण्याचा हाच मोठा कावा आहे कीं, तें बहुधा दुखत नाहीं. नवव्या दिवशीं पहाटे काकांचें उजवें अंग गेलें. शेजाऱ्यांनीं खुर्ची बांबूंना बांधून त्यांना पाण्यांतून पलीकडे नेलें. काका वांचले आणि पुढें चार वर्षें जगले. पण उजवा हात जो गेला तो गेला. पुढें ते डाव्या हातानें पत्रें लिहूं लागले. पहिलींतल्या मुलासारखें तें वांकडेंतिकडें अक्षर पाहून आमच्यानें पत्र पुरें वाचवत नसे. त्या पत्रांत तक्रार कधींच नव्हती. एकदां मात्र त्यांनीं लिहिलें होतें, "सहा महिन्यांनीं 'क' जमला. लहानपणीं तुला 'क' साधेना म्हणून छडी मारली होती, तिची आज लाज वाटते."

आम्हांस लाज वाटली ती निराळ्या कारणानें. गांवच्या मुंबईकर मंडळाचे आम्ही त्या वेळीं चिटणीस होतों. घरोघर फिरून वर्गणी जमवून मंडळानें देवळाचा सभामंडप बांधला होता, आणि त्याच्या संगमरवरी पाटीवर आमचें नांव तिसरें होतें. दरवर्षीं गणपतीस आम्ही गांवीं जात होतों, तेथील हवापाण्याची स्तुति करीत होतों, आणि परततांना आमसुलें व फणसपोळी बांधून आणीत होतों. काकांची गोळी कोठून येते, हा प्रश्न इतक्या वर्षांत एकदांहि आमच्या तोंडून निघाला नाहीं. ज्याच्या घराखालीं पांच दुकानें आहेत त्याला दुकान नसणें म्हणजे काय याची कल्पना सुचत नाहीं, हें खरें. पण ही सबब काकूंपुढें सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

आपली चूक उमगली म्हणजे माणूस प्रथम दुसऱ्या अपराध्याचा शोध करतो. आम्हीहि तसेच तालुक्याच्या त्या औषधविक्रेत्याकडे गेलों आणि कांहींशा घुश्शानेंच विचारलें कीं, आमच्या बाजूस एखादें दुकान कां निघत नाहीं? गृहस्थ सज्जन होते. त्यांनीं आम्हांस स्टुलावर बसविलें, चहा मागविला आणि शांतपणें हिशेब समजावून सांगितला. परवान्यास ठराविक क्षेत्राची जागा लागते, थंड कपाट लागतें, नोंदलेला फार्मासिस्ट लागतो. त्याचा पगार, विजेचें बिल आणि पडून राहून मुदत संपणारा माल, हें सर्व आठशें वस्तीच्या गांवानें कसें सोसावें? जेथें डॉक्टर बसतो तेथें चिठ्ठ्या निघतात, आणि जेथें चिठ्ठ्या निघतात तेथें दुकान चालतें. परवाना मागणारास परवाना मिळतो. पण अमुक खोऱ्यांत दुकान नाहीं, सबब तेथें कोणीं तरी काढावें, असें म्हणणारें माणूस त्यांना उभ्या जन्मांत भेटलें नव्हतें. चहा संपला तेव्हां आमच्या लक्षांत आलें कीं, येथें अपराधी कोणीच नाहीं, आणि ही गोष्ट अपराधी असण्यापेक्षां वाईट आहे. कारण जें कोणाचेंच काम नाहीं तें होत नाहीं.

हें असें सर्वत्रच असतें काय? आमची एक भाची इंग्लंडांत फार्मासिस्ट आहे. तिला आम्हीं विचारलें. तिनें सांगितलेली हकीकत ऐकून आम्हांस नवल वाटलें. २०१३ सालापासून तेथील प्रत्येक स्थानिक आरोग्यमंडळावर कायद्यानें एक काम सोंपविलेलें आहे. आपल्या हद्दींत औषधांचीं दुकानें कोठें आहेत, कोणत्या वेळीं उघडीं असतात, म्हातारीं माणसें व लहान मुलें कोठें अधिक आहेत, आणि कोणत्या वस्तीस दुकान पोंचत नाहीं, याचा लेखी आढावा मंडळानें निदान तीन वर्षांतून एकदां प्रसिद्ध करावयाचा, आणि नवीन दुकानाची परवानगी त्या आढाव्याच्या आधारें ठरवावयाची. शिवाय दुकानदारानें केवळ पुड्या बांधून देऊं नयेत, तर तंबाखू सोडूं पाहणारास मदत करावी, सर्दीतापाची लस टोंचावी, रक्तदाब मोजून द्यावा, अशीहि योजना आहे. भाची प्रामाणिक असल्यामुळें तिनें पुढें हेंहि सांगितलें कीं, कागदावर आढावा असूनहि गेल्या कांहीं वर्षांत तेथील पुष्कळ दुकानें खर्च न झेपल्यानें बंद पडलीं. "पण मामा," ती म्हणाली, "बंद पडलें तर कोणत्या वस्तीचें पडलें, हें निदान कळतें." हें तिचें शेवटचें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं.

आमच्या देशांत या दिशेनें कोणी विचारच केला नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालींच सांगून ठेवलें होतें कीं, रोग बरा करणें आणि रोग होऊं न देणें हीं दोन कामें एकाच व्यवस्थेनें केलीं पाहिजेत, आणि आरंभीं दर चाळीस हजार वस्तीस एक आरोग्यकेंद्र असावें. आज सपाट प्रदेशांत तीस हजारांस व डोंगराळ भागांत वीस हजारांस एक प्राथमिक केंद्र, आणि अनुक्रमें पांच व तीन हजारांस एक उपकेंद्र, असें प्रमाण ठरलेलें आहे. २००५ नंतर सुमारें हजार वस्तीमागें एक आशाताईहि आल्या. महाराष्ट्रानें तर याहून मोलाचे धडे दिले आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून जामखेडच्या आसपास गांवच्या बायांना, त्यांतील कितीएक निरक्षर असतांहि, आरोग्याचें शिक्षण देऊन तयार केलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांना घरोघर जाऊन नवजात अर्भकांची काळजी घेण्यास शिकविलें. एकोणचाळीस गांवांतील या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला, आणि तिसऱ्या वर्षीं नवजात अर्भकांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटल्याचें त्यांत नमूद आहे. औषध दवाखान्यांत ठेवून रोग्याची वाट पाहण्यापेक्षां औषधानेंच रोग्याच्या घरची वाट धरावी, हें तत्त्व याच मातींत सिद्ध झालें आहे.

ज्या गोळीनें आमच्या काकांस दगा दिला तिच्याविषयींहि तसा प्रयत्न पुढें झाला. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. रोग्यास घराजवळच्या केंद्रांत एकदम महिन्याच्या गोळ्या द्याव्या, आणि जो ठरल्या दिवशीं आला नाहीं त्याचें नांव शोधून त्यास बोलवावें, हीं त्यांतील मुख्य कलमें. काका २०१८ सालीं गेले. हीं कलमें वाचतांना आम्हांस सारखें वाटत राहिलें कीं, नऊ दिवस जो माणूस आला नाहीं त्याचें नांव लिहिलेलें एखादें पान त्या पावसाळ्यांत कोठें तरी असावयास हवें होतें.

दुसऱ्या वर्षीं मंडळाच्या सभेंत देवळास कमान बांधण्याचा ठराव आला, तेव्हां आम्हीं सुचविलें कीं, कमान राहूं द्यावी आणि औषधांची कांहीं सोय पाहावी. एक वृद्ध सभासद रागावून म्हणाले, "औषधपाण्याचें सरकार पाहील, देवाचें कोणीं पाहावें?" आम्हीं वाद घातला नाहीं. खिशांतून काकांचें तें डाव्या हाताचें पत्र काढून वाचून दाखविलें. सभेंतील निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी होते. कमान पुढें ढकलण्यांत आली.

काम आरंभिलें तेव्हां आम्हीं मोठ्या उत्साहानें गांवाचा नकाशा काढला, आणि ज्यांना रोजची गोळी लागते त्यांच्या घरांवर तांबड्या खुणा केल्या. तो नकाशा आशाताईंपुढें ठेवला तेव्हां त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या, आणि मग भीत भीत म्हणाल्या, "दादा, यांत वरची धनगरवाडी दिसत नाहीं." ती नव्हतीच. काकांस कोणीं मोजलें नाहीं म्हणून चार वर्षें हळहळणाऱ्या आमच्याच हातून एक सबंध वाडी सुटली होती! आमच्या वर्गणीच्या यादींत तिचें नांव कधीं नव्हतें, म्हणून तें नकाशांतहि आलें नाहीं. नकाशा पुन्हां काढला. या वेळीं पेन्सिल आशाताईंच्या हातीं दिली.

पुढें जें झालें तें फार नाहीं. दुकान निघालें नाहीं; निघणारहि नाहीं. आरोग्यकेंद्राच्या डॉक्टरांनीं यादींतल्या माणसांस मृगापूर्वीं दोन महिन्यांच्या गोळ्या देण्याचें मान्य केलें. ज्या गोळ्या केंद्रांत नसतात त्या चिठ्ठ्यांप्रमाणें तालुक्याचे तेच औषधविक्रेते नांवनिशीवार बांधून देतात, आणि महिन्यांतून एकदां त्या आणणाऱ्या रिक्षाचें भाडें मंडळ भरतें. धनगरवाडीस रिक्षा जात नाहीं. तेथें आशाताई चढून जातात. गणपतीनंतर तिशीपुढील सर्वांचा रक्तदाब मोजला जातो, आणि आपणांस विकार आहे हें ठाऊकच नव्हतें असें एखादें माणूस दर खेपेस निघतें. खारवलेली मासळी, लोणचें व मिश्री यांविषयीं आशाताई जें सांगतात तें बायका हंसून ऐकतात आणि क्वचित् पाळतात. एका वर्षीं यंत्र दोन महिने नादुरुस्त होतें. एक आजीबाई गोळ्या घेतात आणि उशीखालीं सांठवून ठेवतात. असें हें चाललें आहे.

या कामास पाटी नाहीं. सभामंडप दाखवितां येतो. जो झटका आलाच नाहीं तो कोणास दाखवावा? गेल्या गणपतींत आशाताईंची वही आम्हीं चाळून पाहिली. प्रत्येक नांवापुढें बारा घरें आंखलेलीं होतीं, आणि गोळ्या पोंचल्या त्या महिन्याच्या घरांत एक एक बरोबरची खूण होती. एका नांवापुढें दोन घरें रिकामीं दिसलीं, म्हणून आम्हीं कारण विचारलें. वही मिटून चपला घालीत त्या म्हणाल्या, "तिकडेच निघालें आहें." आम्हीहि त्यांच्याबरोबर चढ चढूं लागलों. मुंबईस दोनशें चाळीस पावलांत पांच दुकानें मोजलीं होतीं. येथें पावलें मोजण्याचें आम्हांस भान राहिलें नाहीं.