दुपारी इथे कोण असतं?

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने केली, त्याला जागेची चिंता नसावी. वाडवडिलांची आळी ठरलेली, शेजारी ठरलेले. प्रश्न काय तो विटा-चुन्याचा आणि गवंड्याच्या मर्जीचा! आजच्या पगारदार माणसाला घर बांधावे लागत नाही, ते बांधून तयार असते. शहराच्या कोणत्या टोकाला जाऊन वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यायचे, एवढेच त्याला ठरवायचे असते. आणि हे ठरवणे लग्न व घर या दोहोंहूनही अवघड आहे, असे मी स्वानुभवाने सांगतो. घराची भिंत पाडून हातभर पलीकडे नेता येते. वस्ती मात्र आहे तिथेच राहते.

आमचे बिऱ्हाड नागपूरच्या महालात, बडकस चौकाजवळच्या एका जुन्या वाड्यात होते. भावाभावांत न भांडता वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला, आणि माझ्या वाट्याला आलेल्या रकमेत बँकेची रक्कम मिळवून घर घ्यायचे ठरले. घरात आम्ही पाचजण : मी, सौ., कॉलेजात जाणारी कन्या, दहावीतले चिरंजीव आणि शहात्तर वर्षांची आई. आईची त्रेपन्न वर्षे महालात गेलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, ती पाहायला हिने एक वर्षही चुकवले नव्हते.

नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की पुण्याला जशा सोसायट्या, तसे आमच्याकडे ‘लेआऊट’. हा शब्द आता आम्हाला इंग्रजी वाटतच नाही. जुने शहर महाल-इतवारीचे. पुढे मध्यमवर्ग धंतोली, धरमपेठ, रामदासपेठेकडे सरकला. १९३६च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला आणि आखीव रस्त्यांच्या वस्त्या वाढल्या. पण शहराची भूक त्याहून मोठी. खामला, भामटी, जयताळा, सोनेगाव ही एकेकाळची गावे. त्यांच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडल्या आणि त्या रेघांवर माणसे राहायला आली. परवानगी मागाहून! म्हणून तर येथे प्लॉट म्हटला की पहिला प्रश्न ‘आर. एल. झालंय का?’ म्हणजे, तो प्रन्यासाने नियमित केला आहे का? ‘५७२’ आणि ‘१९००’ हे दोन आकडे ऐकून नागपूरकराला लॉटरी आठवत नाही, नियमित करायला घेतलेल्या लेआऊटच्या याद्या आठवतात. २००१ साली राज्याने गुंठेवारीचा कायदाच केला आणि २०२१ साली त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या वस्त्या त्यात घेतल्या. यावरून रेघा ओढणाऱ्यांचा उत्साह वाचकांच्या ध्यानात यावा.

आम्ही पहिल्यांदा बेशाकडे गेलो. दर आवाक्यातला, खोल्या ऐसपैस, गच्चीवरून क्षितिज दिसते. दाखवणारे गृहस्थ फार आर्जवी. म्हणाले, “साहेब, इथं सगळं होऊन राहिलं. रस्ता होऊन राहिला, नाली होऊन राहिली, नळाची लाईनही येऊनच राहिली.” नागपुरी मराठीतला हा ‘राहिला’ मोठा सोयीचा आहे. क्रिया चालू आहे एवढेच तो सांगतो. संपणार केव्हा, याचा पत्ता लागू देत नाही! कोपऱ्यावर टँकर उभा होता. सौ.ने त्याच्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. आमच्या घरात न बोलणे हेही मतच असते.

कार्यालयातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने सल्ला दिला, “घर एकदा मेच्या दुपारी पाहा, एकदा मुसळधार पावसात पाहा आणि एकदा रात्री आठला पाहा. मुलगी दाखवताना सगळेच पावडर लावतात.” सल्ला आम्ही पाळला. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना एका चौथ्या मजल्यावर गेलो. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, तर तव्याला लावल्यासारखा वाटला. तिथे कूलरला दिवसभर पाणी पाजायचे, म्हणजे पुन्हा पाण्याचाच प्रश्न.

पावसाची फेरी आणखी महत्त्वाची. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूर विसरलेले नाही. ऐन गणपतीचे दिवस. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि ज्या नाग नदीवरून या शहराला नाव मिळाले म्हणतात, ती लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरली. माणसे दगावली. पाण्यात गेलेल्या घरांत अंबाझरी लेआऊटसारख्या जुन्या, नावाजलेल्या वस्तीतली घरेही होती. नदीला आपण नाला म्हणू लागलो, पण तिची वाट तिच्या ध्यानात होती. तेव्हापासून मी सातबारा पाहण्याआधी उतार पाहतो. पूर्वी इथे कोणते पीक होते आणि पाणी कोणीकडे जायचे, हे जवळच्या म्हाताऱ्या गोवाऱ्याला विचारावे. रंगीत माहितीपत्रकात ते छापलेले नसते.

रात्रीच्या फेरीत दिवे, कुत्री आणि रिकाम्या प्लॉटवरचा कचरा दिसतो. कन्येची शिकवणी सुटण्याची वेळ तीच, म्हणून ही फेरी तिच्यासाठी. माझ्या सोयीचे म्हणाल, तर मेट्रो होती. २०१९ च्या मार्चमध्ये सीताबर्डी ते खापरी गाडी सुरू झाली आणि २०२२ अखेर पहिला टप्पा पूर्ण झाला. त्यामुळे वर्धा रोडच्या बाजूचे भाव कसे चढले, ते विचारू नका. पूर्वी मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर मालगाडीचे डबे मोजत उभे राहावे लागे. पूल आणि भुयारी मार्ग झाला आणि तेही सुख गेले! असे सगळे जमून, स्थानकापासून दहा मिनिटांवरचा तीन खोल्यांचा एक नवा फ्लॅट मी मनोमन पसंत केला. कागदपत्रे चोख, उतार चांगला, लिफ्ट नवी. विमानतळ इतका, मिहान इतके, मेट्रो इतकी, अशी अंतरे पाटीवर ठळक रंगवलेली.

रविवारी आईला दाखवायला नेले. तिने खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, बाल्कनीत उभी राहिली. खाली रस्ता होता, गेट होते, गेटवर पहारेकरी होता. बराच वेळ पाहून तिने विचारले, “दुपारी इथे कोण असतं रे?”

दाखवणाऱ्याला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, “कोणी नसतं, माजी. एकदम शांती.”

त्या रात्री जेवणे झाल्यावर सौ.ने हिशेब मांडला. ती म्हणाली, “तुम्ही नऊला जाता, सातला येता. जागेपणी घरात सहा तास. मुलांचं तसंच. मी नोकरीवर. आई पहाटे पाचला उठतात, रात्री साडेनऊला झोपतात. सोळा तास त्या घरात असणार. आणि घर निवडतंय कोण? ज्याला तिथे सगळ्यात कमी राहायचं आहे तो!”

या हिशेबाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पाटीवरची सारी अंतरे घराबाहेर पडणाऱ्यांसाठी होती. घरात राहणाऱ्याला किती पावलांवर भाजी मिळते, गोळ्या मिळतात, देवळाची पायरी लागते, बसायला ओटा आणि बोलायला माणूस मिळतो, हे अंतर कोणी मोजलेच नव्हते. ते आम्ही आईच्या पायांनी मोजायचे ठरवले. पुढचे प्रत्येक घर तिला घेऊन पाहिले, तेही दुपारी चारला, आणि गेटपासून भाजीवाल्यापर्यंत तिच्या चालीने चालत गेलो. धंतोलीत दवाखाने पावलापावलावर, पण फुटपाथ गाड्यांनी भरलेला आणि दर आमच्या आवाक्याबाहेरचे. धरमपेठेत गोकुळपेठचा बाजार तिला फार आवडला. भाव ऐकून तीच आधी मागे फिरली.

शेवटी घेतले ते खामल्याकडे. तीस वर्षांची इमारत, पहिला मजला, लिफ्ट नाही. खोल्या दोन आणि एक अरुंद बाल्कनी. मेट्रोला जायला मला स्कूटर काढावी लागते. चिरंजीव पडदा ओढून बैठकीच्या खोलीत अभ्यास करतात आणि त्याबद्दलची नाराजी लपवत नाहीत. त्यांचेही चूक नाही. आजीच्या सोळा तासांची किंमत काही अंशी त्यांनी भरली आहे. हप्ता मात्र तेवढाच, कारण जुन्या वस्तीत चौरस फुटाला भाव अधिक. मित्र म्हणतात, “या पैशांत बेशाला केवढं घर आलं असतं!” आले असते, हे खरेच आहे.

आई पहिले दोन महिने गप्प होती. मग खालच्या मजल्यावरच्या सिंधी आजींची ओळख झाली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे नागपुरात आली, त्यांतली काही खामल्याला स्थिरावली; त्यांतल्याच या. ह्यांचे हिंदी मराठी वळणाचे, त्यांचे सिंधी वळणाचे. तरी दुपारी तीन ते पाच संभाषण अखंड चालते. त्यांचे पापड आमच्याकडे येतात, आमची सांबारवडी त्यांच्याकडे जाते. यंदा मारबतीला आम्ही आईला महालात नेले. परतताना रिक्षावाल्याने “कुठे?” म्हणून विचारले. मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, “घरी. खामल्याला.”

यंदाच्या दिवाळीत कित्येक घरी फराळाच्या ताटाशी नव्या घराचे बेत चाललेले असतील. त्यांना माझे एवढेच सांगणे : उतार पाहा, आर. एल. पाहा, पश्चिमेची भिंत चाचपून पाहा. आणि सही करण्यापूर्वी, तुमच्या घरात सर्वांत अधिक वेळ जो असतो, त्याला एकदा दुपारी तिथे घेऊन जा.