चेहरा, आकडा, नाव

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी आदर्कीचा घाट मागे टाकून वाठार स्टेशनला पोचते, तेव्हा कोरेगाव तालुका सुरू झालेला असतो. महाबळेश्वरला मोटारी जाऊ लागण्याआधी उन्हाळ्यात थंड हवेच्या ओढीनं निघालेले साहेबलोक इथंच उतरत आणि वाईमार्गे टांग्यानं घाट चढत. त्यांनी आपल्या प्रवासाची वर्णनं लिहिली, ती छापलीही गेली. टांगे हाकणारे, घोडे बदलून देणारे, पेट्या डोक्यावर वाहणारे लोक याच गावांतले होते. ते त्या वर्णनांत आले तर ‘एक टांगेवाला’, ‘दोन हमाल’ एवढेच. या तालुक्यात मी हिंडलो तो त्या हमालांच्या शोधात. राजेरजवाड्यांचा इतिहास साताऱ्यात पावलोपावली भेटतो. मला पाहायचं होतं, की साध्या माणसाची आठवण गाव कशी ठेवतं आणि कुठं ठेवतं.

गाडी पुढं निघते तसे डोंगर सरकत राहतात. चंदन-वंदनची जोडी, कल्याणगड आणि मारुतीच्या ठाण्याचा जरंडेश्वर. वाटेत सातारारोड लागतं. धनजीशा कूपर यांनी 1922 साली इथं कारखाना काढला. लोखंडी नांगर इथं घडले, पुढं डिझेल इंजिनंही घडली. कूपर 1937 मध्ये मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले, त्यामुळं त्यांचं नाव इतिहासात पक्कं आहे. पण आसपासच्या खेड्यांतून येऊन साच्यात तापलेला रस ओतणारे हात किती होते, कुणाचे होते? त्या नांगरांनी अर्ध्या महाराष्ट्राची जमीन पालटली. ते घडवणाऱ्यांची ओळख आज त्यांच्या नातवंडांच्या बोलण्यातच उरली आहे.

सातारा स्टेशनजवळ माहुली आहे. कृष्णा-वेण्णेच्या या संगमावर शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा सांगतात. इमानाची ती खूण बघताना मन भरून येतं. पण याच घाटावर शेकडो वर्षं जिल्ह्यातल्या माणसांच्या अस्थी पाण्यात सोडल्या जात आहेत, आणि त्यांच्या नावाचा दगड मात्र नाही. आपल्याकडं देह अग्नीला द्यायचा, राख नदीला द्यायची आणि दहाव्याला कावळा शिवला की माणूस सुटला असं मानायचं. या रीतीत मोठं शहाणपण आहे. जमीन मृतांसाठी अडत नाही, मन अडकत नाही. इंग्लंडातल्या खेड्यांची रीत निराळी. तिथं 1538 पासून प्रत्येक चर्चला आपल्या हद्दीतला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत नोंदवणं सक्तीचं झालं. त्यामुळं चारशे वर्षांपूर्वीचा एखादा धनगर किंवा मोलकरीण तिथं आजही नावानिशी सापडू शकते. आपल्या धनगराला शोधायचं तर चार ठिकाणी हिंडावं लागतं.

पहिलं ठिकाण कोरेगावातच. तीळगंगेच्या काठचं हे गाव सातारा-पंढरपूर रस्त्यावरची मोठी बाजारपेठ. तालुक्याचं गाव म्हणून कचेऱ्याही इथंच. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी तहसिलाच्या दप्तरात असतात. लोक त्यांना कोतवाल बुक म्हणतात. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर द्यायचा आणि ती वहीत चढायची, कैकदा मोडीत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर ही दप्तरं उघडली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे एवढी मागणी आली. हजारो घरांनी पहिल्यांदा आपल्या पणजोबाचं नाव कागदावर पाहिलं. शोध जातीच्या रकान्याचा होता, आणि ज्यांच्या लेकरांचं शिक्षण त्यावर अवलंबून आहे त्यांच्यासाठी तो खरा होता. पण त्याच ओळीत आणखीही रकाने असतात. वय काय, कशानं गेला. पटकी, देवी, ताप. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, एकेका घरातून पाठोपाठ तिरड्या निघाल्या. ते रकानेही कुणीतरी सलग वाचले पाहिजेत. गावानं काय सोसलं ते तिथं लिहिलेलं आहे.

कोरेगावहून किन्हईला गेलो. औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्याचं हे मूळ गाव. गावाशेजारच्या टेकडीवर तटबंदीतलं साखरगडनिवासिनीचं देऊळ आहे आणि गावात प्रतिनिधींचा वाडा. परशुराम त्र्यंबक यांचे वडील त्र्यंबक कृष्ण हे किन्हईचे कुलकर्णी. गावच्या हिशेबाची लेखणी चालवणाऱ्या घरातला मुलगा मराठी राज्याचा प्रतिनिधी झाला, ही गोष्ट गावकरी अभिमानानं सांगतात आणि सांगावीच. देवीच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात त्या लेखणीचा विचार येत होता. कुलकर्ण्याच्या दप्तरात सगळं गाव यायचं: कुणाची किती जमीन, कुणाकडं किती सारा थकला, सुताराला, लोहाराला, महाराला किती बलुतं. माणूस तिथं नावानिशी यायचा, पण देणेकरी म्हणून किंवा हक्कदार म्हणून. या पायऱ्यांचे दगड कुणी घडवले, कुणी वर चढवले, हे हिशेबाच्या पलीकडचं होतं.

तालुक्याची हद्द ओलांडून चंदन-वंदनच्या पायथ्याशी किकलीला गेलं, की दुसरं ठिकाण भेटतं. हे गाव वाई तालुक्यात. भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ रांगेनं उभे आहेत. वीरगळाची रचना खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना दिसतो, कुठं त्याच्यामागं गाईगुरं असतात. त्यावर अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसून पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. जोवर ते आहेत तोवर ही आठवण राहील, हा त्यांचा अर्थ. गावची गुरं पळवून नेणाऱ्यांच्या आडवा गेलेला माणूस राजा नव्हता. तो गावातलाच कुणी होता, आणि गावानं त्याच्यासाठी पाथरवट लावून दगड घडवून घेतला. शेजारच्या सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असतो. त्या हातापुढं उभं राहणं सोपं नाही. गौरवाच्या आड काय घडलं ते त्या बांगड्या सांगतात. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. इथं चेहरा आहे, ढाल-तलवार आहे, मरणाची रीतही आहे, पण नाव नाही.

तिसरं ठिकाण चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेलं असतं. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत संगमरवराची एक लहान पाटी दिसते: 1914 ते 1919 च्या महायुद्धावर या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी कामी आली. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावानं त्या युद्धात 46 जवान गमावले. ते गाव आज अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात लढल्या. पुण्याची सहावी डिव्हिजन टायग्रिसच्या काठी कुत इथं वेढ्यात सापडली. घोडे कापून खायची वेळ आली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिनं शरणागती पत्करली. कैदेत आणखी किती गेले त्याचा हिशेब निराळा. पुढं बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं. तिथं गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा आला. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं 2021 मध्ये या भेदाची कबुली देऊन माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, ते योग्य झालं. पण आपल्या चावडीतल्या पाटीवरही आकडाच आहे. तो नावांत बदलणं हे लंडनचं काम नाही. ती घरं अजून गावात आहेत, आणि भिंतीवर काळा पडलेला फोटो किंवा पेटीत बिल्ला जपणारी माणसं आहेत.

कोरेगावपुढचं स्टेशन रहिमतपूर. कमंडलू नदीकाठच्या या गावात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आहे, मशीद आहे आणि जवळच विहिरीला जोडलेला उंच मनोरा. उतरत्या धावेवरून हत्ती मोट ओढत, पाणी मनोऱ्यावर चढे आणि तिथून मशिदीच्या कारंज्याला जाई, असं सांगतात. एवढं पाणी खेळवायचं तर उतार मोजणारा कारागीर लागला असेल, चुना मळणाऱ्या बाया लागल्या असतील आणि हत्तीला चुचकारणारा माहूत. गावात आठवण आहे ती सरदाराची.

चौथं ठिकाण चालतं-फिरतं आहे. या भागात जुन्या माणसांजवळ बसलं, की हेळव्याचा विषय निघतोच. बेळगाव-विजापूरकडून येणारा हेळवी सुगीनंतर बैलावर बसून गावात शिरायचा. उंबऱ्याशी थांबून घराचं मूळ गाव, कूळ, कुलदैवत आणि पिढ्या घडाघडा म्हणायचा. मग सुपातून धान्य, जमलं तर कापड मिळायचं, आणि नव्या पोराचं नाव त्याच्या वहीत चढायचं. राजाला बखरकार असतो, कुणब्याला हेळवी होता. आता त्यांच्यातले काही मोटारसायकलवर येतात. वंशावळीसाठी लोक त्यांना फोन करून बोलावतात. अशीच नावं पंढरपूरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत आहेत.

पण या चारही ठिकाणी बाई कडेला राहिली. वहीत पिढी बापाकडून मुलाकडं जाते. सून ‘अमक्याची बायको’ होऊन येते, तीही लग्नात बदललेल्या नावानं. तिची आठवण सापडते ती जात्यावरच्या ओव्यांत. पहाटे दळताना ती भावाचं, लेकाचं, माहेरच्या गावाचं नाव घेत राहिली. गी पॉयट्वँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गाणारीच्या नावासकट. ‘अमक्याची बायको’ म्हणून वहीत गेलेली बाई तिथं स्वतःच्या नावानं उभी आहे.

परतताना शेतांत वाघ्या घेवडा उभा होता. दाण्यावर वाघासारखे पट्टे असलेल्या कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दरसाल चांगल्या शेंगा निवडून बियाणं राखणाऱ्या कित्येक पिढ्यांचं हे काम, आणि ती निवड बहुधा घरातल्या बायांनी केली. सामान्य माणसाचा इतिहास क्षुल्लक असतो असं ज्याला वाटत असेल, त्यानं हा घेवडा शिजवून खावा. गडकिल्ल्यांइतकाच तोही या मातीचा वारसा आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दगडाकडं चेहरा आहे, पाटीकडं आकडा आहे, वहीत नाव आहे आणि ओवीत जीव आहे. हे सगळं एकत्र आणायला गाव पुरेसं आहे. ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. शाळेतल्या मुलांनी घरोघर जाऊन विचारावं: आजीचं माहेरचं नाव काय, आजोबा कुठल्या गिरणीत होते, कोण पलटणीत गेलं, विहीर कुणी खणली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव सक्तीचं केलं. आपल्या वहीत तो रकाना मागच्या पिढ्यांनाही द्यावा. गावकुसाबाहेरची वस्ती आधी लिहून काढावी, कारण तिचं सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे. आणि 1 मेच्या ग्रामसभेत ती नावं मोठ्यानं वाचावीत. महाराष्ट्र दिनाला ज्याची आठवण काढायची तो महाराष्ट्र याच माणसांनी घडवला आहे. ऐंशी-नव्वदीतली माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत, विचारलं की सांगतात. काम याच उन्हाळ्यात सुरू करायला हवं.