जावळीची ओल, माणचं ऊन
प्रवासाची दैनंदिनी : सातारा-सांगली

शनिवार, मेढा

कॅरव्हॅन पावसाळाभर मावशीच्या आवारात उभी होती. जीपच्या मागे जोडून ओढायची, दोघांना झोपायला-रांधायला पुरेल एवढी ही गाडी. दिवाळी झाली की ती घेऊन पूर्वेकडे निघायचं, असं ठरलं होतं. आज दार उघडून पाऊल आत टाकलं आणि सिंकसमोरची जमीन पायाखाली दबली. पाय उचलला की पुन्हा वर. वरचं व्हिनाइल दोन ठिकाणी फुगलेलं, आत कोंदट वास.

सोबत आलेले अप्पा काही बोलले नाहीत. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत झाली. गाडी बिघडली की आधी ऐकायचं, ही तिथली सवय. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीनं ते जमीन ठोकत गेले आणि मी खडूनं खुणा करत गेले. जिथं आवाज भरीव तिथं थर धरलेले, जिथं पोकळ तिथं सुटलेले. तासाभरात जमिनीवर एक वेडावाकडा नकाशा उमटला. सिंकपासून दारापर्यंत पट्टा पोकळ, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात तर टोचा थेट आत गेला. तिथला प्लाय कुजला होता.

ही जमीन आतून कशी असते ते सांगायला हवं, कारण सगळं दुखणं त्यात आहे. वर पातळ प्लाय, मध्ये थर्माकोलचा जाड थर, खाली पुन्हा प्लाय, आणि हे तिन्ही एकमेकांना चिकटवलेले. ताकद एकट्या प्लायची नाही, चिकटलेपणाची आहे. सारख्या जाडीच्या दोन फळ्या नुसत्या एकीवर एक ठेवल्या तर ताठपणा दुप्पट होतो. त्याच नीट चिकटवल्या तर आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून लाकूड शाबूत असून नुसता गोंद सुटला तरी जमीन झोके घेऊ लागते. प्रत्येक थर आपापला वाकतो.

दुपारी पाणी कुठून शिरलं ते शोधलं. मावशीच्या नळाला पाइप लावून मी पाणी सोडत होते आणि अप्पा आत बॅटरी घेऊन बसले होते. सुरुवात खालून. आधी चाकांच्या कमानी, मग खिडकीची खालची कड, मग वरची, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. खिडक्या निर्दोष निघाल्या. समोरच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं छत आणि भिंत यांच्या सांध्यावर ॲल्युमिनियमची पट्टी आहे, तिथलं सिलिकॉन वाळून भेगाळलं होतं. पाणी तिथून भिंतीच्या आत उतरलं, चौकटीच्या कडेनं खाली आलं आणि जमिनीच्या प्लायच्या उघड्या काठात मुरलं. फुगवटा सिंकपाशी आणि भोक समोरच्या छतात. सिंकखालचा पाइपच गळतोय असं मानून आम्ही जमीन दुरुस्त केली असती, तर पुढच्या आषाढात सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

मावशी म्हणाली, “इथंच सुताराला बोलवू की.” अप्पांनी मान हलवली. “सुतार मिळेल गं, ऊन नाही मिळायचं.” सह्याद्रीच्या या कुशीत कार्तिकातही सकाळी भिंतीला हात लावला तर गारठा हाताला लागतो. तात्पुरती चिकटपट्टी सांध्यावर मारली आणि गाडीतलं सगळं सामान जीपमध्ये भरलं.

रविवार, औंध

साताऱ्यातून रहिमतपूरवरून औंधला आलो. एका जिल्ह्यात किती हवामानं मावतात याचं मला दर वेळी नवल वाटतं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. मेढ्याची ओल म्हसवडला नेऊन वाळवायची, हा अप्पांचा बेत.

यमाईच्या डोंगरावरचं भवानी वस्तुसंग्रहालय पाहिलं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं. राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर मी थांबले, अप्पा हेन्री मूरच्या दगडी मायलेकरांसमोर. एवढ्याशा संस्थानाच्या राजानं हे गोळा केलं आणि १९३९ साली स्वतःचा अधिकार रयतेच्या हाती दिला. या डोंगरावरून खालचं गाव बघताना त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

सोमवार, म्हसवड

दहिवडीवरून माळ तुडवत म्हसवडला. ओळखीच्या मळ्यात, बोडक्या रानात गाडी लावली. मळेवाले दादा गाडीभोवती फिरून म्हणाले, “ट्रॉलीला घर बसवलंय जणू.”

व्हिनाइल ब्लेडनं कापून गुंडाळून काढलं. त्याच्या पाठीवर काळी बुरशी होती. पोकळ भागात वीतभर अंतरानं चार मिलिमीटरची भोकं पाडली. खोली महत्त्वाची: फक्त वरचा प्लाय भेदायचा. त्यासाठी अप्पांनी ड्रिलच्या पात्याला मोजून चिकटपट्टीचा गोळा बांधला. कुजलेला कोपरा मात्र कापूनच काढला. कटर मशिनची खोली वरच्या प्लायएवढीच ठेवली, खालचा थर शाबूत होता म्हणून. आतला थर्माकोल पाण्यानं जड झाला होता. दाबला तर थेंब आले.

दारं-खिडक्या उघडी, मळ्यातला टेबलफॅन आत. आता थांबायचं.

बुधवार, म्हसवडच

काल दिवसभर फक्त वाळवण. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, राजेवाडीचा तलाव पाहून आलो. या मुलखात पाणी साठवायला माणसांनी काय काय केलंय, आणि आम्ही इथं पाणी हाकलायला आलोय.

दुरुस्तीत लोक घाई करतात ती इथं. बाजारातला सगळ्यात महाग गोंद ओल्या लाकडावर धरत नाही. लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओल टिकली की बुरशीला रान मोकळं. चिकटवायचं तर ती पंधराच्या खाली आणायला हवी. आमच्याकडे ओल मोजायचं यंत्र नव्हतं. अप्पांनी रात्री प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडांना चिकटपट्टी लावली. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दहिवर होतं. “अजून नाही.” दुसऱ्या रात्री पुन्हा तेच केलं. आज सकाळी तुकडा कोरडा निघाला, तरी अप्पांनी आणखी एक दिवस ऊन खाऊ दिलं.

शुक्रवार, आटपाडी ते विटा

आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला थोडं थांबलो. औंध संस्थानानं १९३९ साली इथं कैद्यांसाठी बिनभिंतींची वसाहत काढली. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे हाच प्रयोग. खरसुंडीवरून विट्याला पोचेपर्यंत दुपार झाली.

खरेदीची यादी अप्पांच्या डोक्यात होती. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन. शिक्का तपासून घेतला. या प्लायचा गोंद बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून पारखलेला असतो. साध्या एमआर प्लायला हवेतला दमटपणा सोसतो, पाणी नाही. आमच्या जमिनीत तोच होता.

राळेच्या दुकानात एक धोक्याची गोष्ट कळली. फायबरच्या कामाला वापरतात ते पॉलिस्टर रेझिन दुकानदारानं पुढे केलं. स्वस्त, झटपट सुकणारं. अप्पांनी खिशातून आमच्याच जमिनीतला थर्माकोलचा तुकडा काढला आणि त्यावर थोडं ओतायला सांगितलं. तुकडा डोळ्यांदेखत खचला आणि चिकट लगदा झाला. त्या रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. जमिनीत ते भरलं असतं तर आतला सगळा गाभाच गेला असता. इपॉक्सी तसं करत नाही. दाम जास्त, पण इथं दुसरा पर्याय नाही. दुकानदारानंही तो लगदा निरखून बघितला आणि म्हणाला, “आता विचारूनच देत जाईन.” मोठ्या सिरिंजा जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळाल्या.

शनिवार, तासगावजवळ

तासगावच्या अलीकडे एका द्राक्षबागायतदारांच्या शेडमध्ये काम केलं. त्यांच्या बागेत छाटणीनंतरची पालवी हातभर झाली होती.

इपॉक्सीचे दोन भाग मोजूनच मिसळायचे, अंदाजपंचे नाही. एका वेळी थोडंच, कारण भांड्यात जास्त झालं की ते स्वतःच तापतं आणि हातातच घट्ट होतं. एका भोकात सिरिंज लावून दाबायची, शेजारच्या भोकातून राळ वर आली की तिथपर्यंत पोकळी भरली असं समजायचं. पुढच्या भोकाकडे. मी भरत होते, अप्पा वर आलेल्या राळेवर चिकटपट्टी लावत होते.

कापलेल्या कोपऱ्यात ओला थर्माकोल काढून नवा बसवला, कडेनं सागाच्या पट्ट्या लावल्या, त्यांवर सांधा येईल असा मरीन प्लाय कापला. प्लायच्या चारी कडांना राळ पाजली. पाणी प्लायच्या पाठीतून फारसं शिरत नाही, काठातून शिरतं. आमच्या गाडीच्या जमिनीचे काठ मुळात कोरेच सोडलेले होते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारखान्यात तो पाच मिनिटांचा हात होता.

मग वजन. वर प्लॅस्टिक, त्यावर सपाट प्लाय, त्यावर खताची पन्नास किलोची पोती. शेडमधल्या पोरांनी हसत-हसत ओळीनं लावली. खालून जमिनीच्या तळाला फळ्या लावून जॅकचे टेकू, नाहीतर वरचं वजन खालच्या थरालाही खाली ढकलतं आणि फट आहे तशीच राहते. रात्री गारठा असतो आणि गारठ्यात राळ सावकाश धरते. म्हणून एका दिवसाऐवजी दोन दिवस पोती हलवायची नाहीत असं ठरलं.

रविवार, मिरज

गाडी शेडमध्ये ठेवून जीपनं मिरजेला. वाटेत कवलापूर लागलं, तमाशातल्या काळू-बाळूंचं गाव. अप्पांनी त्यांचा ‘जहरी प्याला’ हा वग पाहिलाय. फडाच्या गाड्या आठवून ते म्हणाले, “त्या ट्रकच्या हौद्याची फळी मोडली की चार बोल्ट काढून तेवढीच बदलायची. रात्रीचा खेळ चुकला नाही पाहिजे ना.”

मिरजेत सतारमेकर गल्लीत दुपार गेली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांच्या काळापासून, इथं सतार-तंबोरे घडवायला घेतले. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एका कारागिरांनी भोपळा बोटांनी वाजवून दाखवला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा हा भोपळा पुरता वाळल्याशिवाय त्याला हत्यार लावत नाहीत. अप्पांना हे ऐकून केवढं समाधान झालं!

मग त्यांनी सरसाबद्दल विचारलं. जुन्या पद्धतीच्या या गोंदाला ऊब आणि ओलावा दिला की सांधा सुटतो, लाकूड न फोडता. शंभर वर्षांचा तंबोरा त्यामुळेच उघडून दुरुस्त करता येतो. परतताना अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपण इपॉक्सी भरलं ते भरलं, ते आता निघायचं नाही. पण कोपरा चिकटवायचा नाही. स्क्रूंनी बसवू.” मला ते फार पटलं. गाडीला पुढची वीस वर्षं हिंडायचंय, आणि कधीतरी कुणाला तरी ती उघडावी लागणारच.

मंगळवार, सांगली

निघण्याआधी शेडमध्ये पोती उतरवली, प्लॅस्टिक सोललं, जमीन पुन्हा ठोकली. खडूच्या जुन्या नकाशावर आता जवळपास सगळीकडे भरीव आवाज. सिंकच्या पायापाशी तळहाताएवढा भाग अजून किंचित बद्द वाजतो. तिथं थर्माकोलच चिरला असावा. आणखी भोकं न पाडता तो भाग दर महिन्याला तपासायचं ठरवलं. कोपऱ्याचा तुकडा स्टेनलेसच्या स्क्रूंनी बसवला. व्हिनाइल नवं घेतलं, पण पूर्ण न चिकटवता कडेनं पट्टीखाली दाबलं, म्हणजे उचलून बघता येईल.

सांगलीत छताच्या सांध्याचं काम केलं. ॲल्युमिनियमची पट्टी पूर्ण काढली, जुनं सिलिकॉन खरवडून थिनरनं पुसलं, खाली ब्युटाइल टेप घातली आणि पट्टी परत आवळली. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे वरून फासण्यात अर्थ नव्हता. मग नळाला पाइप लावून पुन्हा खालून वरपर्यंत पाणी. अप्पा आत बॅटरी घेऊन. अर्धा तास झाला तरी आत थेंब नाही.

हा सांधा आता दर वैशाखात उघडून बघायचा, पाऊस यायच्या आधी. सामान जीपमधून परत गाडीत लावलं, जड डबे मुद्दाम सिंककडच्या बाजूला न ठेवता चाकांच्या वर. उद्या दंडोबाच्या डोंगराकडे निघतोय. रस्ता खड्ड्यांचा आहे, आणि तिथं पोचल्यावर आधी जमीन ठोकून बघायची, मगच चहा.